धुऱ्यावरची मारामारी आणि कॅज्युअल्टीतलं रजिस्टर

पत्र

ताई,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यापासून नागपूरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आहे. चाकू लागलेली पोरं, नवऱ्यानं मारलेल्या बाया, अपघात, सगळं रोज बघते. आम्ही टाके घालून पाठवतो आणि त्यातले काही जण थोड्या महिन्यांनी पुन्हा येतात. मध्यंतरी एका प्रशिक्षणात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांबद्दल ऐकलं. गोळी लागलेल्या पोराच्या खाटेजवळ डॉक्टरच्या मागोमाग एक कार्यकर्ता येऊन बसतो, त्याला बदला घेण्यापासून अडवतो, शाळेत किंवा कामावर परत लावतो. तेव्हापासून डोक्यात हेच आहे, आयुष्यभर करायचं तर हे. पण आता घरापासून चौदा किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून माझी निवड झालीय, दोन महिन्यांत रुजू व्हायचंय. बाबांची तब्येत बरी नसते, वावर एकट्या भावाच्यानं होत नाही. पण गावी गेले तर हे काम संपलंच ना? हे तर मोठ्या शहरातलं काम. बाबा म्हणतात, "लोकाच्या मारामाऱ्यात तुले काहून पडाचं आहे?" एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करू का? मुंबईला एखाद्या संस्थेत जाऊ का?

एक सिस्टर

उत्तर

रुजू हो. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल.

हे काम शहरात सुरू झालं हे खरंच आहे. बाल्टिमोरच्या ट्रॉमा सेंटरमध्ये कार्नेल कूपर या सर्जनना तीच ती पोरं पुन्हा पुन्हा टेबलावर दिसायला लागली, तेव्हा १९९८ मध्ये त्यांनी खाटेपासूनच समाजकार्यकर्ता जोडून द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये असंच काम त्याच्याही आधी, १९९४ मध्ये उभं राहिलं होतं. शिकागोचे गॅरी स्लटकिन हे तर साथीच्या रोगांचे डॉक्टर. आफ्रिकेत कॉलरा आणि एड्सवर काम करून ते परतले आणि गोळीबाराच्या नकाशात त्यांना साथीचाच नकाशा दिसला. एका गोळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. त्यांनी वस्तीतलीच, कधीकाळी स्वतः त्या भानगडीत राहिलेली माणसं पगारी नेमली आणि भांडण पेटायच्या आत त्यांना मध्ये घातलं. याचे निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत, काही वस्त्यांत गोळीबार कमी झाले, काही ठिकाणी फारसा फरक दिसला नाही. प्रशिक्षणात बहुतेक पहिलीच बाजू सांगतात, म्हणून दुसरीही लिहिली.

आता यातून बंदूक बाजूला काढ आणि काय उरतं ते बघ. मार खाल्लेला माणूस, बाहेर जमलेले त्याचे भाऊबंद, आणि "उद्या बघतो त्याले" असं म्हणणारा एक जण. हे तुझ्या तालुक्यात नाही का? आपल्याकडे हत्यार तेवढं बदलतं. बंडीची उभारी असते, कुऱ्हाड असते, विळा असतो. पेरणीच्या तोंडावर धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोणी अर्धा हात कोरला यावरून सख्ख्या चुलतभावांची डोकी फुटतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणि धुळवडीच्या संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात काय असतं ते मी समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी करताना पुष्कळ पाहिलं. नागपुरात एक पार्टी एका दवाखान्यात जाते, दुसरी दुसऱ्या. तालुक्याला दवाखानाच एक. त्यामुळे दोन्हीकडचे जखमी आणि दोन्हीकडचे नातेवाईक एकाच व्हरांड्यात समोरासमोर. तिथं पहिली वीस मिनिटं कोण कुठं बसतं, कोणाला आत घेतलं, कोणाच्या हाती पाण्याचा ग्लास दिला, यावर त्या रात्री गावात आणखी एक डोकं फुटणार की नाही हे बरंचसं ठरतं. हे काम डॉक्टर करत नाहीत. ते शिवत असतात. हे सिस्टर करते, वॉर्डबॉय करतो, आणि त्याला कोणी काम म्हणत नाही.

तालुक्याच्या जागेचा आणखी एक फायदा आहे, तो तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही. मोठ्या शहरांतल्या अशा कार्यक्रमांचा निम्मा जीव जातो तो पेशंट परत भेटण्यात. फोन बंद, पत्ता खोटा, घर बदललेलं. तुझ्याकडे ड्रेसिंग आहे. तिसऱ्या दिवशी बाई ड्रेसिंगला येते, सातव्या-आठव्या दिवशी टाके काढायला येते, आणि मधल्या बाजारात भाजी घेताना दिसते ती वेगळीच. पहिल्या दिवशी जे सांगणार नाही ते टाके काढताना सांगेल. तेव्हा ड्रेसिंग रूमची ड्यूटी मिळाली तर नाक मुरडू नकोस, मागून घे.

बायांच्या बाबतीत जरा सविस्तर लिहिते, कारण रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच हे समोर येईल. सोबत सासू किंवा नवरा असतो आणि कारण तोच सांगतो, "मोरीत घसरली." माणूस पडला की तळहात सोलतात, गुडघे फुटतात, हनुवटीला लागतं. डोक्यावर येणारा मार अडवायला हात आडवा धरला तर लागतं ते मनगटाच्या वर, करंगळीच्या अंगाला. तिथला वळ, तिथलं हाड मोडणं, एकाच वेळी हिरवे-पिवळे आणि ताजे निळे डाग, दंडावर बोटांच्या खुणा, मोरी हे करत नाही. गळ्यावर खुणा असतील, आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, तर ती केस साधी समजू नकोस. डॉक्टरांना लगेच दाखव, कारण वरून काही नाही असं वाटून आत सूज वाढू शकते. आणि एकदा गळा दाबणारा पुढच्या वेळी जीव घेण्याचा धोका फार मोठा असतो.

विचारायचं एकटीला. एकटी कशी करायची? "एक्स-रेला नातेवाईक चालत नाहीत" हे वाक्य आजवर कोणी खोडून काढलेलं नाही. आत नेऊन सरळ विचार, "असं लागलेल्या पुष्कळ बायांना घरी मारहाण झालेली असते, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. कोणी हात उचलला का?" नाही म्हणाली तर नाही. पिच्छा पुरवू नकोस, पुढच्या ड्रेसिंगला पुन्हा विचार. हो म्हणाली तर "मग तू काय बोलली होतीस?" हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नकोस. आपल्याच बाया तो सगळ्यांत आधी विचारतात. घरी जायला भीती वाटते का, लेकरं कुठं आहेत, रात्री पळायची वेळ आली तर कोणाचं दार वाजवशील, एवढं विचार.

लिहिताना एक भान ठेव. ओपीडीचा कागद घरी जातो, एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलीस केस होऊ शकणाऱ्या जखमींची दवाखान्यातली नोंदवही, जात नाही. बाईच्या तोंडचे शब्द, मारणाऱ्याचं नातं, कशानं मारलं, हे एमएलसीत तिच्याच भाषेत उतरायला हवं, ते डॉक्टरांकडून लिहून घे. घरी जाणाऱ्या कागदावर "नवऱ्याकडून मारहाण" असं ठळक लिहून तिच्या हातात दिलंस तर त्याच रात्री तो कागद कोणाच्या हाती लागेल याचा विचार कर. १८१ या महिला हेल्पलाइनचं पत्रक देण्यापेक्षा आकडा तोंडपाठ करून घे, तीनच आकडे आहेत. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याला चांगल्या हेतूनं माहिती कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, हे कलम ४ मध्ये स्पष्ट आहे. रुग्णालयातले जुने लोक "आपल्याले कोर्टात ओढतील" म्हणून घाबरवतात, त्यांना हे दाखव. मात्र बाई सज्ञान असेल तर तक्रार करायची की नाही हे तिनं ठरवायचं. अठराच्या आतल्या पोरीवर किंवा पोरावर लैंगिक अत्याचार झाला असेल तिथं गोष्ट वेगळी, मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यात उपचार फुकट आणि ताबडतोब द्यायचे, सरकारी असो की खासगी, त्यासाठी एफआयआरची वाट पाहायची नाही.

यातली खरी अडचण शहरात नसते, ती गावात असते. वॉर्डबॉय मारणाऱ्याचा साळा निघतो. आशाताई म्हणजे सासूची बहीण. तू स्वतः चौदा किलोमीटरवरची, अर्ध्या तालुक्यात तुझं कोणी ना कोणी. "अमक्याची पोरगी आमच्या घरात फूट पाडते" हे महिन्याभरात बाबांच्या कानावर येईल. म्हणून सुरुवातीपासून एक नियम, तुझ्या गावातली केस दुसऱ्या सिस्टरकडे द्यायची आणि घरी जेवताना दवाखान्यातलं एक अक्षर काढायचं नाही. आईजवळही नाही.

आता रजिस्टर. तू विचारलंस ते खाटेजवळच्या कामाबद्दल, पण माझ्या मते ग्रामीण रुग्णालयातून सगळ्यांत मोठा फरक पडेल तो रजिस्टरनं. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड हे तोंडाचे आणि जबड्याचे सर्जन. चेहरे फाटून आलेली माणसं शिवताना त्यांच्या लक्षात आलं की यातल्या पुष्कळ मारामाऱ्यांची पोलिसांत नोंदच नसते. मग कॅज्युअल्टीच्या काउंटरवरच प्रत्येक जखमीला विचारायला लागले की कुठं लागलं, केव्हा, कशानं. नावगाव काढून ती माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला मिळू लागली. गस्त कुठं लावायची, कोणत्या दारूच्या अड्ड्यावर नजर ठेवायची, हे त्यावरून ठरू लागलं. तशाच इतर शहरांशी ताडून पाहिलेला अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मारहाणीनं भरती होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये घटलं होतं. यात ना मोठा निधी ना परदेशी तज्ज्ञ. काउंटरवरच्या माणसाचे तीन प्रश्न.

तू दोनशे पानी वही घे. जागा, वार आणि वेळ, कशानं लागलं, दारू होती का, भांडणाचं मूळ, एवढेच रकाने. नाव नको. आणि वैद्यकीय अधीक्षकांना आधी सांगूनच सुरू कर, नाहीतर चार महिन्यांनी कोणीतरी "ही गुपचूप काय लिहिते" म्हणून बोभाटा करेल. सहा महिन्यांनी त्या वहीत काहीतरी दिसेलच. बाजाराच्या दिवशी अंधार पडल्यावर एकाच फाट्यावरून माणसं येत असतील, तर ठाणेदारांनी तिथं एक गाडी उभी करणं अवघड नाही. मे-जूनमध्ये धुऱ्याच्या केसेस एकाच महसूल मंडळातून येत असतील, तर तिथं मोजणीचे अर्ज किती अडकलेत हे भूमी अभिलेखच्या कार्यालयात विचारता येतं. वेळेवर झालेली मोजणी ही माझ्या लेखी हिंसा थांबवण्याचीच गोष्ट आहे, भूमापकाला ते ठाऊक नसेना का. ही वही रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठेवायची, अधीक्षकांच्या हातून. श्रेय त्यांना जाऊ दे.

दारूचा रकाना भरेल, मग गावातल्या बाया दारूबंदीचं विचारतील. विदर्भात या प्रश्नावर पुष्कळ झालंय. वर्ध्यात १९७५ पासून बंदी, गडचिरोलीत बायांच्या आणि गावांच्या लढ्यातून १९९३ मध्ये, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या जिल्ह्यातही बाटली मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. पण डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं सरकारबरोबर गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ हे दारू कमी करण्याचं अभियान चालवलं, त्यात गावानं स्वतः ठरवून दारू बंद ठेवण्यावर भर आहे, तो मला जास्त पटतो. तू पुढारपण करू नकोस. तू सरकारी दवाखान्यात आहेस, वहीतले आकडे बोलू देत.

मध्ये पडणारी माणसं गावात असतातच, शिकागोहून आणावी लागत नाहीत. कुठं गुरुदेव सेवा मंडळातला एखादा भजनी, ज्याचं दोन्ही पार्ट्या ऐकतात. कुठं जुना वस्ताद, कुठं निवृत्त मास्तर. दोन-तीन फोन नंबर जवळ असू देत, व्हरांड्यात गर्दी तापली की उपयोगी पडतात. तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून आहे, धुऱ्याच्या आणि शिवीगाळीच्या भांडणात समिती चांगलं काम करते. बाईच्या मारहाणीत मात्र "मिटवून टाका, संसार आहे" म्हणून तिला त्याच घरात परत पाठवणाऱ्या समित्या मी पाहिल्यात. त्यांच्याकडे बाईला कधीही धाडू नकोस. पोलिसांसोबत काम करणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष बहुतेक जिल्ह्यांत आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं ते काम, तिथं प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. बाईला तिथं पाठव, नाहीतर सखी केंद्रात, म्हणजे अशा बायांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात.

विष घेतलेले पेशंट नागपुरात फार आले नसतील, आता येतील. खरीप चालू झाला की फवारणीचं औषध घराघरात असतं. श्रीलंकेत औषधाला कुलूपबंद डबे वाटून पाहिले, त्यानं फरक पडला नाही. सगळ्यांत जहाल औषधं बाजारातून काढल्यावर मात्र आत्महत्या खूप घटल्या. तो निर्णय तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे ते वाचलेल्या माणसाशी वागणं. "मरायला निघाला होता, आता भोग" असं आपलेच लोक बोलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार न मानता प्रचंड ताणाखाली असलेला मानायचं असं सांगितलंय, हे हवालदारालाही सांगावं लागेल. डिस्चार्जच्या आधी घरच्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दे आणि आठवड्यानं स्वतः फोन कर. एक फोन पुरेसा नसतो, पण बहुतेकांना तोही आलेला नसतो.

शाळेतल्या पोरांना शिकवण्याचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण यात तुला कोणाची परवानगी शोधत फिरावं लागणार नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात इजा आणि हिंसा हा विषय २०१४ पासून कागदावर आहे. तुझ्या रुग्णालयात किशोरवयीन पोरापोरींसाठीच्या 'मैत्री क्लिनिक'ची पाटी बहुधा लागलेलीही असेल, खाली कुलूप असेल. शाळांच्या आरोग्य कार्यक्रमातही हा विषय आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल हॉस्पिटलात शाळकरी पोरांना थेट ट्रॉमा विभागात नेऊन गोळी लागलेल्या एका पोराची गोष्ट सांगतात. आपल्या पोरांना इतकं अंगावर येणारं दाखवायची गरज नाही. नववीच्या वर्गात दाबून रक्त कसं थांबवायचं ते शिकव. हात कामाला लागले की पोरं आपोआप विचारतात, "मॅडम, पण मारलं काहून होतं त्याले?" पुढचा तास त्यावरच जातो.

मुंबईचं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं मिळून 'दिलासा' हा मारहाण झालेल्या बायांसाठीचा विभाग सुरू केला, रुग्णालयातल्याच माणसांना शिकवून. ते बघायला जरूर जा, पण चार दिवसांसाठी. हे काम करायला मुंबईतच राहावं लागतं असं नाही. बलात्कारानंतरच्या वैद्यकीय तपासणीची दुर्दशा सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातल्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी अहवालात मांडली आणि त्यावरून २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. योनीत दोन बोटं घालून करायच्या ज्या टू-फिंगर चाचणीवर त्यात आक्षेप होता ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. सेवाग्राम तुझ्या गावापासून लांब नाही. नागपुरात आहेस तोवर पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे अडचणीतल्या बायांसाठीचा मदत कक्ष, बघून ये, आणि झोपडपट्टी फुटबॉल बघून ये, विजय बारसे सरांनी २००१ मध्ये सुरू केलेला. हिंसेचं नाव न घेता पोरांना त्यातून कसं बाहेर काढतात ते तिथं कळेल.

बाबांना तत्त्व सांगू नकोस. त्यांना दोन काळज्या असणार, पोरीला कोणी धमकावेल का आणि लग्नाचं काय. पहिलीचं उत्तर असं द्यायचं की तू एकटी कोणाच्या घरी जाणार नाहीस, जे करशील ते दवाखान्याच्या चार भिंतींत आणि अधीक्षकांना सांगून. दुसरीचं असं की पाहुणे आले की नाइट ड्यूटी आणि हे काम दोन्ही पहिल्याच बैठकीत सांगायचं. ज्यांना चालत नाही ते चहा पिऊन जातील.

आणि तुझं स्वतःचं. एखादी बाई तू सगळं नीट करूनही परत जाईल, परत मार खाऊन येईल. एखादी येणारच नाही. त्या रात्री कोणाशी बोलायचं ते आधी ठरवून ठेव, हाताखालच्या पोरींशी नाही, बरोबरीच्या सिस्टरशी.

एमएसडब्ल्यू कर, पण नोकरी सोडून नाही. इग्नूतून दुरून होतं. किंवा मनोविकार नर्सिंगमध्ये एम.एस्सी., तुझ्या पदवीला ते जास्त सरळ जातं आणि पुढे सरकारी भरतीत उपयोगी पडतं. समाजसेवा अधीक्षकाच्या जागा निघतात, फार नाहीत, जाहिरातीवर लक्ष ठेव. संस्थांच्या प्रकल्पातल्या नोकऱ्या प्रकल्प संपला की संपतात, तेव्हा पाच-सहा वर्षं तरी नर्सिंगचा पगार हाच तुझा आधार राहू दे. कंत्राट सहसा अकरा महिन्यांचं असतं आणि पगार मागेपुढे होतो, रुजू होण्याआधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू दे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण कधी संपतंय ते आजच बघ, आणि सध्याच्या हॉस्पिटलातून अनुभवाचं प्रमाणपत्र कॅज्युअल्टी असा स्पष्ट उल्लेख करून घे. राजीनामा दिल्यावर ते मिळायला फार चकरा माराव्या लागतात.